सल्ल्याचे पाद्रिनो

एल नोगालच्या कम्युनिटी कॉलेजात शिरणं सोपं होतं. दार सताड उघडं, कुणीही यावं. अवघड होतं ते तिथून बाहेर पडणं. दोन वर्षं इथे शिकायचं आणि मग मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाऊन बसायचं, याला ट्रान्स्फर म्हणत. गावातल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी ट्रान्स्फर होणार होतं. त्यातल्या काहींना आता नातवंडं झाली होती.

अरासेली बुस्तामांतेला मात्र खरोखर जायचं होतं. तिला इंजिनियर व्हायचं होतं, तेही पाण्याचं. कारण साधं होतं. तिच्या घरची विहीर आटली होती. चहूकडे बदामाच्या बागा हिरव्यागार, त्यांच्या बोअर दरवर्षी आणखी खोल, आणि बुस्तामांतेंच्या अंगणात प्लॅस्टिकची काळी टाकी, टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली. तिचे वडील एफ्राइन त्याच बागांना पाणी सोडायचं काम करत. दिवसभर दुसऱ्यांच्या झाडांना पाणी पाजून आलेला माणूस घरी मगभर पाण्यात हातपाय धुतो, हे तिला लहानपणापासून डाचत आलं होतं.

या वाटेवर आधी समुपदेशकाला नारळ फोडावा लागतो. इथे तो मान मिस्टर विटकोम्ब यांचा. गुबगुबीत, हसतमुख माणूस, गळ्यात टाय, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची बशी. "हा कोर्स ट्रान्स्फरेबल आहे," ते सांगत, "तो आर्टिक्युलेटेड आहे, आणि हा पलीकडचा तर दोन्ही आहे!" म्हाताऱ्या बायका चर्चमध्ये लॅटिन ऐकून जशा माना डोलवत, तशी अरासेली मान डोलवायची. शेवटी ते एक गोळी पुढे करून म्हणत, "काळजी करू नकोस. काहीच वाया जात नाही."

समोरच्याला पुन्हा एक प्रश्न विचारावा, असं तिला कैकदा वाटलं. पण घरची शिकवण आड यायची. टाय घातलेला कुणीही माणूस एफ्राइनच्या लेखी लिसेन्सियादो, म्हणजे शिकलेला, साहेब.

"लिसेन्सियादोला एकदा विचारावं," ते बजावत. "दुसऱ्यांदा विचारलं की त्याला वाटतं, आपला त्याच्यावर विश्वास नाही."

"आणि समजलंच नाही तर, पापा?"

"तर थँक्यू म्हणून घरी यावं."

तिने तसंच केलं. गणिताचा वर्ग भरलेला असला की विटकोम्ब म्हणायचे, "तोवर मातीची भांडी घे, तीही ट्रान्स्फर होतात." मग एकदा लॅटिन नृत्य झालं, एकदा चित्रपटाचा आस्वाद झाला. पोर आली होती पाण्याला आणि शिकत होती मडकी घडवायला. फिजिक्सची वेळ आली तेव्हा कॉलेजात त्याचे दोन कोर्स निघाले, एक कॅल्क्युलसवाला आणि एक त्याच्याशिवायचा. कोणता घेऊ, असं तिने विचारलं. "कोणताही," विटकोम्ब उदारपणे म्हणाले, "दोन्ही ट्रान्स्फरेबल." दोन्ही सारखेच का, हा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. तिने गोळी तोंडात टाकली आणि थँक्यू म्हटलं.

दोन वर्षांची चार झाली. आणि मग एके दिवशी विद्यापीठाने खरंच ये म्हटलं.

आनंद अरासेलीला झाला, पण तो ताब्यात घेतला ओफेलिया आत्याने. अरासेलीची आई लवकर गेलेली, तेव्हापासून या घरातला प्रत्येक आनंद आत्याच्या परवानगीने होत असे. तिने चर्चशेजारचा हॉल ठरवला आणि पाद्रिनो, म्हणजे समारंभाचे मानकरी, नेमायला निघाली. आमच्या एल नोगालमध्ये समारंभ एकट्याने कुणी करत नाही. केकचे पाद्रिनो वेगळे, बँडचे वेगळे, फुलांचे वेगळे. ज्याला जो मान मिळेल त्याने ती गोष्ट आणायची आणि मिरवायचं. सगळे मान वाटून झाले तरी आत्याचा हात थांबेना.

"आणि सल्ल्याचे पाद्रिनो," तिने जाहीर केलं, "लिसेन्सियादो विटकोम्ब!"

"आत्या, सल्ल्याचे पाद्रिनो असतात कुठे?"

"आता आहेत. चार वर्षं त्या माणसाने तुला वाट दाखवली. कृतघ्न होऊ नकोस."

विटकोम्बना इतका मान आजवर कुणी दिला नव्हता. ते गहिवरले आणि आत्यालाही त्यांनी एक गोळी दिली.

जूनमध्ये विद्यापीठातून फोन आला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "अभिनंदन! तुमचे सगळे कोर्स आम्ही स्वीकारलेत. एकही नाकारला नाही."

अरासेलीने सवयीने थँक्यू म्हटलं. फोन ठेवणार, एवढ्यात खिडकीतून तिला टाकीवर चढून आतलं पाणी बघणारे पापा दिसले, आणि काय झालं कुणास ठाऊक, तिने जन्मात पहिल्यांदा थँक्यूनंतर प्रश्न विचारला.

"स्वीकारलेत म्हणजे, कशासाठी?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मडकी ऐच्छिक म्हणून. नृत्य ऐच्छिक म्हणून. चित्रपट… तोही ऐच्छिक. फिजिक्स ऐच्छिक."

"फिजिक्स कसं ऐच्छिक? मला इंजिनियर व्हायचंय!"

"त्याला कॅल्क्युलसवालं लागतं. ते तुमच्याकडे नाहीये. उन्हाळा संपायच्या आत पूर्ण झालं नाही, तर तुमची जागा रद्द होते. कळवणारच होतो आम्ही."

"कधी?"

"रद्द झाल्यावर," बाई प्रामाणिकपणे म्हणाली.

‘कधी’ हा तिसरा प्रश्न होता. पापांच्या हिशेबाने अरासेली आता पुरती बिघडली होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने हे सगळं सांगितलं, तेव्हा आत्या मिरच्या निवडत होती.

"पण सगळं घेतलं म्हणाले ना? मग रडतेस कशाला?"

"आत्या, समज तू लग्नाला गेलीस. दारात तुझं जोरदार स्वागत झालं, या या म्हणाले. आत गेलीस तर बसायला खुर्ची नाही आणि पुढ्यात ताटही नाही. कुणी हाकलत नाही, कुणी वाढतही नाही. त्याला ऐच्छिक म्हणतात."

आत्याचा हात थांबला. विद्यापीठाची भाषा तिला चार वर्षांत कळली नव्हती, पण जेवणाच्या हॉलमधला अपमान तिला झोपेतही कळला असता.

"आणि हे त्या गोळीवाल्याला माहीत होतं?"

"त्यांनी खोटं काहीच सांगितलं नाही. मीच विचारलं नाही."

एफ्राइन दाराशी उभे होते. "विचारू नकोस असं मी सांगितलं होतं," ते म्हणाले, आणि अरासेलीला त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी गाडीची किल्ली खुंटीवरून काढून टेबलावर ठेवली. "कुठे शिकवतात ते फिजिक्स उन्हाळ्यात? एकदा, दोनदा, जितक्यांदा विचारायचं तितक्यांदा विचार. मी सोडतो तुला."

डोंगराकडच्या एका कॉलेजात ते फिजिक्स शिकवलं जात होतं. पहाटे निघायचं, वर्षभराचा अभ्यास काही आठवड्यांत गिळायचा, परत यायचं. अरासेली वर्गात इतके प्रश्न विचारू लागली की मास्तर तिचा हात वर दिसला की आधीच खडू उचलत. आणि शेवटची परीक्षा आली नेमकी पार्टीच्या शनिवारी.

"हॉल बदलता येणार नाही," आत्या म्हणाली. "बिर्रियाच्या रश्श्यासाठी बोकड सांगून झालाय. पाद्रिनोंनी कपडे शिवलेत."

"आत्या, तुझी पार्टी मी स्वीकारलीये," अरासेली विटकोम्बच्या सुरात म्हणाली. "ऐच्छिक म्हणून."

आत्या कधी नव्हे ते हसली. "जा बाई. बँड मी सांभाळते. आणि त्यालाही."

"कुणाला?"

"परीक्षेकडे लक्ष दे तू."

पेपर चांगला गेला. शेवटचा प्रश्न नळीतून वाहणाऱ्या पाण्याच्या दाबाचा होता, आणि तो सोडवताना अरासेलीला मनापासून हसू आलं. पुढे तिला त्यात बी ग्रेड मिळाली आणि विद्यापीठाची जागा राहिली, पण हे कळायला अजून अवकाश होता. त्या दिवशी ती फक्त भुकेली होती. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता.

ती हॉलमध्ये शिरली तेव्हा बँड जोरात होता. केकचे पाद्रिनो केकपाशी, फुलांचे फुलांपाशी, प्रत्येकाच्या खुर्चीवर नावाची पाटी आणि समोर वाफाळती बिर्रिया. आणि दाराजवळ, स्पीकरच्या अगदी तोंडाशी, मिस्टर विटकोम्ब उभे होते. नवा टाय, कोटाला गुलाबाचं फूल, हातात गोळ्यांचा सुबक डबा. आल्यापासून तिघांनी त्यांना मिठी मारली होती, बँडने त्यांच्या नावाने एक गाणं वाजवलं होतं, टाळ्याही झाल्या होत्या. खुर्ची मात्र कुणी दिली नव्हती. ताटाचं तर नावच नव्हतं.

"फार प्रेमळ लोक आहेत," ते अरासेलीला ओरडून म्हणाले, कारण स्पीकर शेजारीच होता. ते या पायावरून त्या पायावर होत होते. "फक्त, बसायची व्यवस्था कुठे आहे, ते जरा…"

अरासेलीला राग यायला हवा होता. चार वर्षं गेली होती, तिचीच. पण समोर एक म्हातारा होत चाललेला, घामेजलेला माणूस उभा होता, आणि तिला त्याची दया आली. तिने लांबूनच आत्याला खूण केली, जाऊ दे आता.

आत्या बराच वेळ ऐकेना. शेवटी कपाळावर आठ्या घालून ती एक भरलेलं ताट घेऊन आली, वर दोन टॉर्टिया. मन मोठं करायला तिला किती जड गेलं ते सगळ्या हॉलला दिसत होतं. विटकोम्बनी कृतज्ञतेने दोन्ही हात पुढे केले आणि ताट येईपर्यंत काही तरी आपुलकीचं बोलावं म्हणून अरासेलीकडे वळले.

"अगं, एक विचारायचं राहूनच गेलं," ते म्हणाले. "तुला नक्की व्हायचंय काय?"

आत्याला इंग्रजी फारसं येत नसे. पण एवढं कळलं. तिने ताट विटकोम्बच्या हातांवरून अलगद पुढे नेलं आणि अरासेलीसमोर धरलं.

"खा पोरी," ती म्हणाली. "यातलं काही वाया घालवू नकोस."