सोसंल तेवढा जोर

संघप्रियाला आपल्या मराठीचा भारी अभिमान होता, आणि तो अगदीच फुकाचा होता असं म्हणता येणार नाही. पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून संशोधनासाठी आलेल्या प्राची मॅडमनी तिला चार महिन्यांसाठी सहायक म्हणून घेतलं, ते या मराठीपायीच. मॅडमची मराठी छापील, गंगाखेडच्या बायकांची बोलती; मधे कुणीतरी हवं होतं, आणि संघप्रिया एका पायावर तयार होती.

गंगाखेडच्या बाहेर अनंतरावांचं पत्र्याचं लांबलचक शेड आहे. तिथे पाठीवर अडकवायचे फवारणी पंप जुळवतात. टाकीला नळी, नळीला झडप आणि झडपेवर प्लास्टिकचं टोपण. टोपण अंगठ्याने दाबायचं. टक् आवाज आला की बसलं. एकेका बाईच्या अंगठ्याखालून दिवसाला आठशे टोपणं जातात. हे काम करणारं यंत्र मिळत नाही असं नाही, पण अंगठ्याला वीज लागत नाही आणि तो बिघडला तर दुरुस्तीलाही न्यावा लागत नाही, बाईसकट बदलता येतो.

संघप्रियाची आई मालनबाई सहा वर्षं तिथेच, खिडकीपासून तिसऱ्या स्टुलावर. अलीकडे तिच्या उजव्या अंगठ्याचं मूळ सकाळी सुजलेलं असायचं. संघप्रियाने ते पाहिलं होतं. म्हणून मॅडमनी "रोज किती जोर लावला तर हाताला इजा होणार नाही, त्याची मर्यादा आपल्याला शोधायची आहे" असं सांगितलं, तेव्हा तिला ते संशोधन वाटलंच नाही, आईचं औषध वाटलं. मर्यादा ठरेल, अनंतराव नरम टोपण मागवतील, आणि मायचा अंगठा वाचेल. दुसरं तिला काही नको होतं.

मॅडमची पद्धत मोठी न्यायाची होती. लाकडी पाटावर एक खुंटी, तिच्या बाजूला फिरवायचं बटण. टोपण दाबावं तशी खुंटी दाबत राहायची. जड वाटली तर बटण फिरवून हलकी करायची, हलकी वाटली तर जड. अर्धा तास असं करून बाई जिथे थांबेल, ती तिची मर्यादा. आकडा फक्त मॅडमच्या लॅपटॉपवर दिसे. मर्यादा कुण्या साहेबाने खुर्चीत बसून ठरवायची नाही, जिचा अंगठा तिनेच ठरवायची. हे ऐकून संघप्रियाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

अडलं ते प्रश्नावर. मॅडमच्या कागदावर होतं, 'दिवसभर थकवा अथवा इजा न होता आपणांस स्वीकारार्ह वाटेल इतका जोर निश्चित करा.' मॅडमनी ते वाचून दाखवलं आणि वीस बायका वीस पुतळ्यांसारख्या बसून राहिल्या. 'स्वीकारार्ह' हा शब्द त्या शेडात त्याआधी कुणी उच्चारला नसणार, त्यानंतरही नाही.

"काय म्हणायल्यात गं मॅडम?" पुढच्या रांगेतल्या बबिताने विचारलं.

संघप्रिया याच क्षणाची वाट पाहत होती. क्षणभरही न अडखळता ती म्हणाली, "दिवसभर सोसंल तेवढा जोर ठिवा."

"आसं सांगा की मग!" बबिता म्हणाली, आणि सगळ्या जणी हसल्या. एका दमात सगळ्यांना कळलं. मॅडम खूश झाल्या. त्यांनी छापील ओळ खोडून वर पेनाने ते वाक्य लिहिलं, आणि आठवडाभर प्रत्येक बाईला संघप्रियाने तेच सांगितलं. आईलासुद्धा.

अहवाल आला. सुरक्षित मर्यादा, साडेसात किलो. मागच्या पानावर संघप्रियाचं नाव होतं, भाषासाहाय्य म्हणून. मालनबाईला वाचता येत नव्हतं, पण नाव कुठे आहे ते तिने लेकीला बोट ठेवून दाखवायला लावलं आणि अहवाल बाबासाहेबांच्या फोटोशेजारी नीट ठेवला.

अनंतराव वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. त्याने अहवाल वाचला, साडेसात किलोचा फलक रंगवून शेडात लावला. जुनं टोपण साडेपाच किलोत बसायचं, पण गळायचं, तक्रारी यायच्या. नवं घट्ट टोपण सात किलोत बसत होतं. आजवर बायकांना जड जाईल म्हणून त्याने ते मागवलं नव्हतं. आता शास्त्रानेच साडेसातपर्यंत मुभा दिल्यावर त्याने ते निर्धास्त मनाने मागवलं.

तीन महिन्यांत मालनबाईच्या अंगठ्याची पार रया गेली. एके दिवशी संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली आणि पीठ परातीतच राहिलं. अंगठा आत वळून बसला होता, उघडेना. संघप्रियाने परात ओढून घेतली. तिला रडू आलं, आणि रडू आलं की तिला राग येई.

"माय, तू कामून एवढा जोर ठिवलास? बटन तुझ्याच हातात व्हतं ना? हलकं करायचं व्हतं की!"

मालनबाई गोंधळून लेकीकडे पाहू लागली. "तूच म्हणलीस न्हवं, सोसंल तेवढा म्हणून? आता सोसायचं म्हणलं तर मला त्याच्यापेक्षाबी लय सोसतं. मी तर जरा कमीच ठिवला. म्हणलं, लेक समोर उबी हाय, कशाला उगं मिरवायचं."

संघप्रियाच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. वीस बायका का हसल्या होत्या आणि एका दमात त्यांना काय कळलं होतं, ते तिला आत्ता कळलं. सोसणं म्हणजे त्रास न होणं नव्हे. त्रास होतो, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, त्याला सोसणं म्हणतात. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, ती याच घरात वाढली होती. मॅडमनी विचारलं होतं, दुखणार नाही असं काम किती? आणि तिने विचारलं होतं, दुखणं किती पचवता? बायकांनी खरं उत्तर दिलं होतं. प्रश्नच तिने खोटा विचारला होता.

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी तिने मॅडमना फोन लावला आणि एकही सबब न सांगता आपला शब्द कसा चुकला ते सांगितलं.

प्राची मॅडम म्हणाल्या, "चूक माझीही आहे, संघप्रिया. मी ते वाक्य डोळे झाकून घेतलं. पण माझ्या एका शंकेवर अहवाल मागे घेता येत नाही. मी यंत्र घेऊन येते. पाच जणींचं तरी नव्याने घेऊ. आकडे खरंच खाली आले, तर दुरुस्तीचं पत्र मी अनंतरावांना स्वतः देईन."

यावेळी संघप्रियाने शब्द पारखून घेतला. शोधायला लांब जावं लागलं नाही, तो आईच्या तोंडात रोजचा होता. शनिवारी मॅडमनी यंत्र मांडलं, तेव्हा तिने बबिताला सांगितलं, "मावशी, सोसायचं इसरा. अजिबात तकलीफ होनार न्हाई, एवढाच जोर ठिवा."

बबिताने मागे वळून पाहिलं. दाराशी मुकादम भुजंग उभा होता, नुसता उभा, तंबाखू मळत.

"तकलीफ?" बबिता मोठ्याने म्हणाली. "आमाला काई तकलीफ न्हाई, बाई." आणि तिने खुंटी पहिल्यापेक्षा जड करून ठेवली.

संघप्रियाने तिला पाण्याच्या माठापाशी गाठलं. "मावशी, आसं कामून केलं? तुमच्याच हातासाठी चाललंय हे."

"तू शिकलेली हायस, तुला कळाया पायजे," बबिता हळू आवाजात म्हणाली. "हितं तकलीफ हाय म्हणलं की घरी बसवतेत. मागं नीलमनं पाठ दुखती म्हणून सांगितलं, दुसऱ्या दिशी तिच्या स्टुलावर दुसरी बाई. सोसतं म्हणलं तर निदान स्टूल तरी ऱ्हातंय."

भुजंगाला बाहेर जायला सांगून उपयोग झाला नाही; तो गेला तरी बायकांच्या डोळ्यांसमोरून गेला नाही. आणखी तिघी आल्या. आकडे सात पूर्णांक आठ, साडेसात, आठ. मॅडम लिहीत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. पहिल्यांदा शब्द चुकला म्हणून आकडा चुकला होता. आता शब्द बरोबर होता, तर खरं बोलायची सोयच उरली नव्हती.

पाचवी मालनबाई, जेवणाच्या सुट्टीत. संघप्रियाने तिला घरी तीन-तीनदा समजावलं होतं. आई खुर्चीवर टेकली, पदर खोचला आणि दाराकडे अजिबात न बघता लेकीला म्हणाली, "तुझ्यासाठी खरं सांगते. जाऊ दे स्टूल गेलं तर."

तिने खुंटीवर अंगठा ठेवला आणि चेहरा वाकडा झाला. बटण खाली फिरवलं. पुन्हा दाबलं, पुन्हा खाली. पाच. चार. अडीच. एक. बटण तळाला टेकलं. खुंटी आता नुसत्या बोटाच्या वजनाने आत जात होती. मालनबाईने तरी मान हलवली.

"आनखी कमी कर की गं. दुखायलंय."

"माय, आता त्याच्याखाली काई न्हाई."

शेडात पंखा फिरत होता तेवढाच आवाज. संघप्रिया मॅडमकडे वळली. "मॅडम, हे लिहा. हे एक तरी खरं आहे. लिहा ना."

मॅडमनी लॅपटॉपवरचे हात काढून घेतले होते. "लिहिता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "दुखापत झालेला हात मोजणीत धरत नाहीत. मर्यादा धडधाकट हातावरूनच काढायची असते. मागच्या वेळी विचारलं होतं, तेव्हा त्या दुखत नाही म्हणाल्या होत्या, म्हणून धरता आलं. आता त्यांनी खरं सांगितलंय. आता त्या मोजणीतून बाहेर."

"म्हंजे तेव्हाचं खोटं धरलं, आणि आताचं खरं धरायचं न्हाई?"

मॅडम यंत्राची वायर गुंडाळू लागल्या, आणि वायर गुंडाळताना त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्याने कुणाचा काय फायदा. संघप्रियाला वाटलं, खुंटी उचलून त्या साडेसातच्या फलकावर घालावी. ती जागची हलली नाही. तो आकडा पुसला तरी त्याखाली तिचंच वाक्य होतं.

"झालं का?" मालनबाईने विचारलं. दोघींच्या तोंडाकडे बघून काय झालं ते तिला कळलं असावं. ती उठली, संघप्रियाच्या गालावरून हात फिरवला. "रडू नको. भुजंगनं आइकलं न्हाई काई, पंख्याचा आवाज हाय. उजव्याचं ऱ्हाऊ दे, माजा डावा चांगला हाय आजून."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. मालनबाई तिसऱ्या स्टुलावर जाऊन बसली, डाव्या हाताशी यावी म्हणून टाकी उलटी फिरवून घेतली आणि डाव्या अंगठ्याने पहिलं टोपण दाबलं. ते बसलं नाही. तिने दोन्ही खांदे वाकवून पुन्हा दाबलं.