किलोबाबा आणि तीनशे दहा ग्रॅमचं अस्वल

"नऊ! टिंब! एक! शून्य! शून्य!"

काट्याशेजारच्या खुर्चीवरून मास्तरीण ओरडली आणि पाळणाघराच्या दारात जमलेल्या बायकांनी एकच गलका केला. कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले. एकीनं तर आनंदाच्या भरात माझ्या खांद्यावरचा फडका ओढून त्यातच नाक शिंकरलं. चिमण्याची आजी काट्यापुढे आडवी पडली. काट्याच्या पाळण्यात बसलेल्या चिमण्याला वाटलं, आजी लपाछपी खेळतेय, म्हणून तो तेवढा हसला.

"चार आठवड्यांत अर्धा किलो!" आजी जमिनीवरूनच म्हणाली. "बाबांची कृपा! आता तरी मानता का, मावशी? काटा तर तुमचाच आहे ना?"

काटा माझाच होता.

आमचं पाळणाघर कपड्यांच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला आहे. पुढे दीडशे यंत्रं खडखडतात आणि मागे बावीस पोरं. कोण जास्त आवाज करतं हे अजून ठरलेलं नाही. मी इथली मावशी. पोरांना भरवणं, धुणं, झोपवणं, खेळवणं आणि दर सोमवारी प्रत्येकाचं वजन करून भिंतीवरच्या तक्त्यात मांडणं, हे माझं काम. सोळा वर्षं करतेय. माझं तोंड फटकळ आहे असं म्हणतात. असेल. गोड बोलून नाकं पुसली जात नाहीत.

मास्तरीण म्हणजे साडेचार वर्षांची पोर. पाय जन्मापासून अशक्त, पट्ट्यांचे बूट घालून भिंतीच्या आधारानं चार पावलं टाकते आणि पाचव्याला बसते. ती आली तेव्हा दोघीतिघी कुरकुरल्या होत्या, आमच्या पोरांत ही कशाला म्हणून. मी म्हटलं, "तुमची पोरं अजून बुटात पाणी भरून पितात, ती चालतात ना मला? मग हीपण चालेल." आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हिला कोपऱ्यात शोभेसाठी बसवू नका, काम द्या. म्हणून मी तिला काट्याशेजारी बसवली. महिन्याभरात आकडे ओळखायला लागली आणि दुसऱ्या महिन्यात मलाच रागवायला लागली. रोज सकाळी ती आधी आपल्या कापडाच्या अस्वलाचं वजन करते. अस्वलाचं नाव भालू. भालू रोज शून्य टिंब तीन एक शून्य भरतो, आणि ती रोज तितक्याच गंभीरपणे जाहीर करते.

आणि चिमण्या? बावीस महिन्यांचं पोर, नुसते डोळे आणि कोपरं. त्याची आई कारखान्यात सदऱ्यांना गुंड्यांची काजं करते, म्हणून सगळे तिला काजवालीच म्हणतात. महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं, तेव्हा तो आठ किलो सहाशे होता. त्या म्हणाल्या, "रोज अंडं, केळं, शेंगदाण्याचं कूट, घट्ट लापशीत चमचाभर तेल. थोडंथोडं, पाच वेळा, मांडीवर घेऊन, गप्पा मारत. महिन्यात वजन वाढलं नाही, तर मोठ्या दवाखान्यात नेऊन आतलं कारण शोधायचं. अंगावर काढायचं नाही."

काजवाली मान डोलावून गेली. आणि वाटेत किलोबाबा आडवा आला.

त्याचं खरं नाव तीन ओळींचं होतं. समोरच्या गल्लीत त्याच्या मेहुण्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत तो बसायचा. अशक्त मुलाच्या कमरेला तो मखमली पट्टा बांधी. नाव 'पुष्टीपट्टा'. जाड, गादीसारखा, आत म्हणे एकवीस वनस्पती. पट्टा बाबांशिवाय कुणी सोडायचा नाही. आंघोळ नको, ओल्या फडक्यानं पुसायचं. दर शुक्रवारी पोराला आणायचं, मग बाबा पट्टा सोडून पडद्याआड नेत, मंत्र टाकून परत आणत आणि स्वतःच्या हातानं बांधत.

"वजन म्हणजे काय?" बाबा डोळे मिटून विचारायचा. "पृथ्वी ओढते, तेच वजन! आम्ही पृथ्वीला फक्त एवढंच सांगतो, माते, या लेकराला जरा जास्त ओढ."

आणि शेवटची अट सगळ्यांत भारी. पोराच्या वाटणीची अंडी, केळी, शेंगदाणे आठवडाभर बाबांच्या पायाशी ठेवायचे. पोटात जड अन्न गेलं, तर मंत्राला जागा कुठं उरते?

"बाबा अंडी खातात?" मी आजीला विचारलं होतं.

"छे हो! ते नुसती त्यातली शक्ती काढून घेतात."

"मग टरफलं गटारात कशी?"

"शक्ती काढल्यावर टरफलंच उरणार ना!" आजी म्हणाली. कप्पाळ!

बाबा गल्लीत नवा आला तेव्हा आमच्या लहान फाटकातून सरळ यायचा. हल्ली अंग आडवं करून यायला लागला होता.

आता माझी चूक सांगते, कारण ती लपवून ही गोष्ट सांगता येणार नाही. भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय: वजन करताना अंगावर फक्त चड्डी. पण आजीनं पट्ट्याला हात लावू दिला नाही, रडारड केली. मी म्हटलं, एवढ्याशा कापडाचं असून असून किती वजन असणार? आणि पट्ट्यासकट वजन केलं. एकदा केलं, मग चारदा केलं. तक्त्यातली चिमण्याची रेघ वर चढली. ती मीच चढवली.

त्या सोमवारी गर्दी पांगल्यावर काजवाली जवळ आली. चेहरा फुललेला.

"मावशी, उद्याची दवाखान्याची रजा मी रद्द केली बघा. आता कशाला जायचं? वाढलाय ना तो?"

"अगं, खातोय का पण?"

"खायला मागतच नाही आता. निपचित पडून असतो. बाबा म्हणाले, पोट भरल्याची खूण आहे."

"जाऊन तर ये," मी म्हटलं. "तपासायला काय जातंय?"

"बाबांवर संशय घेतल्यासारखं होईल," ती म्हणाली आणि कामावर पळाली. आजीनं जाता जाता मास्तरणीकडे बोट दाखवलं. "आणि हिला काट्यापासून उठवा. बाबा म्हणालेत, अधू पोरीची सावली पडली तर वजन उतरतं. दुपारी बाबा स्वतः येणार आहेत, सगळ्या पोरांना पट्टे बांधायला."

"सावलीनं वजन उतरत असतं, तर तुमच्या बाबाला मी झाडाखालीच बांधून ठेवला असता," मी म्हटलं. मास्तरीण खुर्चीवरून हलली नाही. तिनं फक्त भालूला घट्ट धरलं, ते मला दिसलं आणि माझं डोकं आणखीच तापलं.

मग मी चिमण्याला भरवायला मांडीवर घेतलं. उचलताना पोर जड लागलं. मांडीवर बसवलं तर माकडहाड टोचलं. जड पोराची हाडं टोचतात? मी त्याचा दंड धरला. माझं बोट आणि अंगठा वळसा घालून एकमेकांना भेटले, वर जागा उरली. तेवढ्यात तो पट्ट्याशी हात नेऊन कण्हला. सदरा वर केला, तर पट्ट्याच्या कडेनं कातडी सोलवटून लाल झालेली.

"गेला खड्ड्यात तुझा मंत्र," असं म्हणून मी पट्टा सोडला आणि मागे न बघता बाजूला टाकला. चिमण्याला कोमट पाण्यानं धुतलं, तेल लावलं, मऊ कापडात गुंडाळलं आणि केळं कुस्करून चमच्यानं द्यायला लागले. पहिला घास त्यानं थुंकला. दुसरा तोंडात घोळवला. तिसऱ्याला त्यानंच तोंड उघडलं. ज्याला भूक नव्हती म्हणे, त्यानं अर्धं केळं संपवलं.

इतक्यात जेवणाची सुट्टी झाली आणि बाबांचा जयजयकार करत सगळी पलटण आत शिरली. पुढे आजी, मध्ये अंग आडवं करून फाटकातून शिरणारे बाबा, मागे डबे घेतलेल्या बायका. आणि नेमकी त्याच वेळी मास्तरीण किंचाळली.

"एक! टिंब! दोन! एक! शून्य! मावशी, भालू वाढला!"

काट्याच्या पाळण्यात भालू बसला होता. कमरेला मखमली पट्टा, दोन वेढे देऊन.

आजीनं टाहो फोडला, "धन्य आहे! कापडाच्या अस्वलालासुद्धा पुष्टी!"

शपथ घेऊन सांगते, बायकांनी हात जोडले. भालूला! एकीनं तर डब्यातलं केळं काढून त्याच्यापुढे ठेवलं. बाबांच्या कपाळावर घाम आला होता, पण गडी मुरलेला. त्यानं डोळे मिटले. "हे अस्वल मागच्या जन्मी फार कृश होतं. आज त्याची उपासना फळाला आली."

"पण त्यानं काय खाल्लं?" मास्तरणीनं विचारलं.

"शक्ती, बाळ. शक्ती."

"त्याचं तोंड शिवलेलं आहे," मास्तरीण म्हणाली. तिनं भालूचं तोंड सगळ्यांना दाखवलं. काळ्या दोऱ्याचे चार टाके. मग तिनं पट्टा सोडला, भालूला परत ठेवलं. "शून्य! टिंब! तीन! एक! शून्य!" मग भालू काढून नुसता पट्टा ठेवला. "शून्य! टिंब! नऊ! शून्य! शून्य!"

यंत्रं बंद होती, म्हणून ते सगळ्यांना नीट ऐकू आलं. मी चिमण्याला उचललं आणि चड्डीवर पाळण्यात बसवलं. मास्तरणीनं आकडे वाचले, पण या वेळी ओरडली नाही. "आठ. टिंब. दोन. शून्य. शून्य."

आठ किलो दोनशे. महिन्यापूर्वी आठ सहाशे होता. पोर वाढलं नव्हतं, चारशे ग्रॅम झिजलं होतं, आणि आम्ही सगळ्या टाळ्या वाजवत होतो.

काजवाली पुढे आली. तिनं पट्टा हातात घेतला. गेल्या चार आठवड्यांत पहिल्यांदाच तो तिच्या हातात आला होता. दिवसभर टाक्यांतच बसणारी बाई ती. तिनं काठ उजेडाकडे धरला आणि अंगठ्यानं चाचपत गेली.

"तीन बाजू यंत्राच्या," ती म्हणाली. "चौथी हाताची. आणि ही चारदा उसवून चारदा शिवलीय. जुन्या टाक्यांची भोकं दिसतायत."

"हां हां, हात लावू नकोस, कोप होईल!" बाबा पुढे धावला.

"माझ्या शिवणीत चूक असली तर मुकादम ती उसवतो. तुमची मी उसवते." तिनं गळ्यातली छोटी कात्री घेतली आणि चार टाके सर्रकन कापले.

सायकलचे छर्रे! टणाटण, टणाटण, सगळ्या जमिनीवर. चकचकीत लोखंडी गोळ्या पलंगांखाली, भांड्यांखाली पळाल्या. वनस्पती एकवीस काय, एकसुद्धा नव्हती. दर शुक्रवारी पडद्याआड जाऊन मेहुण्याच्या दुकानातले मूठमूठ छर्रे आत भरायचे, की झाली पृथ्वीची ओढ. बाबा पळायला वळला, त्याचा पाय नेमका छर्ऱ्यांवर पडला, आणि धप्पकन तो बसला तो थेट पोरांच्या काट्यात. काटा वीस किलोपर्यंतचा.

मास्तरीण वाकून काट्याची आकड्यांची खिडकी बघायला लागली. "रेघ! रेघ! रेघ!" तिनं जाहीर केलं. "मावशी, याचं काहीच येत नाही."

हसू थांबेना. आजीसुद्धा हसली आणि मग एकदम रडायला लागली. "मी माझ्या हातानं त्याच्या तोंडचं अंडं काढून दिलं गं," ती सुनेला म्हणाली. काजवालीनं तिला धरलं. बाबाला बायकांनी काट्यातून ओढून काढलं, फाटकाबाहेर नेलं आणि पोलीस चौकीत तक्रार लिहून दिली. मेहुण्यानं दोन दिवस दुकान उघडलं नाही.

पण आधी आम्ही एक काम केलं. बावीस पोरं आणि जमिनीवर छर्रे, तोंडात घातले तर काय घ्या! वीस बायका जेवण सोडून गुडघ्यांवर रांगत गोळ्या वेचत होत्या. मास्तरीण खुर्चीवरून बोट दाखवत होती, "तिकडे एक! पलंगाखाली दोन!" ज्या बायकांनी पूर्वी तिच्या नावानं कुरकुर केली होती, त्याच तिच्या हुकुमानं रांगत होत्या. मला भारी गंमत वाटली, खोटं कशाला बोलू?

मंगळवारी काजवाली चिमण्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. पोटात जंत होते आणि अंगात रक्त कमी. औषध मिळालं. बाकीचं औषध आमच्याकडेच होतं: अंडं, केळं, कूट, तेलाचा चमचा, मांडी आणि गप्पा. पाच वेळा. तो थुंकायचा, आम्ही पुसायचो आणि परत द्यायचो. यात चमत्कार काही नाही, म्हणून कुणी बघायला येत नाही.

मी तुम्हाला काय सांगणार, मी काही शिकलेली बाई नाही. पण पोराचं वजन वाढलं म्हणून कुणी सांगितलं, तर आधी विचारा, त्यानं काय खाल्लं? उत्तर मिळालं नाही, तर शिवण उसवून बघा. आणि माझ्यासारखं, एवढ्याशानं काय होतंय, असं म्हणू नका. त्या एवढ्याशानंच चिमण्याचा एक महिना गेला.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. परवाच्या सोमवारी काजवालीनं त्याला वजनाला आणलं. सदरा काढला, टोपी काढली. तो आता पाळण्यात बसायला तयार नसतो, हात-पाय झाडतो. मी म्हटलं, "झालं गं, बसव."

"थांबा मावशी," ती म्हणाली, "मोजेपण काढते." आणि तिनं त्याचे दोन्ही मोजे काढून, उलटे करून, झटकून बाजूला ठेवले.

"नऊ! टिंब! दोन! शून्य! शून्य!" मास्तरीण ओरडली. मी रेघ ओढायला पेन्सिल घेतली, तर ती म्हणाली, "मावशी, थांब. त्यानं काय खाल्लं, ते आधी विचार."

काजवालीनं तिला एकेक करून सगळं सांगितलं.