बावीस हजाराचा विमा अन् अठरा हजाराची मी

मी यादोराव बिसेनची पांढरी गाडी बोलून राहिली. हासू नोका. खालून धूर सोडनारे अन् वरतून तोंड चालवनारे दोन-चार जन तुमच्याही गावात असतीलच.

माहा जनम नव्व्याण्णवचा. नवी होती तवा अशी चमके का माशी बसली तं घसरून पडे. पहिला मालक गोंदियाचा राइस मिलवाला. त्याच्या बायकोनं दरवाजा लावला का तो आतूनच वरडे, "आहिस्ता!" दुसरा एक मास्तर. त्यानं आठ वर्षांत मले तिसऱ्या गेरच्या वर नेलं नाही. मले चौथा गेर आहे, हे मीच इसरून गेली होती. मंग यादोरावनं अठरा हजारात घेतली अन् तिरोड्याजवळच्या आपल्या खेड्यात आनली.

घेतली त्यानं, पन कामाले लावली त्याच्या बायकोनं. सुखवंताबाई रोज सकाळी बत्तीस डब्बे भरे, बिजली कारखान्यातल्या मजुरांसाठी. यादोराव चालवे, ती बाजूले दाळीचा गंज, हे मोठं पातेलं, मांडीवर धरून बसे. घर त्याच्यावरच चाले. माह्या सीटले अजून फोडनीचा वास येते.

यादोराव म्हंजे जवानीतला नामी धुरकरी, शर्यतीतले बैल हाकनारा. शंकरपटात त्याची बैलजोडी सुटली का लोक दुपट्टे उडवत. मंग चौदा साली कोर्टानं बैलांचे पट बंद केले. गावाची दाण, म्हंजे बैल पळवाची सरळ पट्टी, रिकामी पडली. यादोराव रोज संध्याकाळी तिथं जाऊन उभा राहे, मांडव उठल्यावर पोरीचा बाप उभा राहाते तसा.

त्या साली धान निघाला अन् गावच्या पोरांनी ठरवलं, बैल नाही तं गाड्या पळवू, त्याच दाणीवर. यादोरावचे डोळे माह्याकडे वळले. माह्या टायरातली हवा थरथरली. भेवानं नाही जी, खुशीनं! चौथा गेर!

पन चाबी सुखवंताबाईच्या पदराले.

"अजी, हे मोडली तं बत्तीस डब्बे का तुमच्या डोक्यावर नेऊ?"

"नाही मोडत वो."

"बैलगाडीच्या टायमालेही असेच म्हनत होते. तीन चाकं मोडले. विमा दाखवा, चाबी न्या."

तिरोड्याच्या विमा एजंटले बलावलं. चैतराम त्याचं नाव. त्यानं कागद उलटेपालटे केले.

"काकाजी, तुमचा विमा रस्त्याचा आहे. शर्यतीत ठोकली तं कंपनी काही देत नाही. त्याचा येगळा विमा लागते, एका दिवसाचा."

"तं काढ ना बावा."

चैतरामनं नागपूरले फोन लावला, तिथून मुंबईले गेला. तिकून सवाल येऊन राहिले. ट्रॅक कोनता? यादोराव म्हने, मारुतीच्या देवळामागचा. डायवरले हेल्मेट? दुपट्टा आहे. ॲम्बुलन्स? हिरालालचा ट्रॅक्टर उभा राहाते, सांग. शेवटी आकडा आला. बावीस हजार!

"गाडी अठराची अन् विमा बावीसचा?" यादोराव खाटेवरून उठला. "मंग गाडी राहू दे घरी, विमाच पळवतो पटात!"

चैतराम जाता जाता सांगून गेला, रस्त्याचा विमाही येत्या सोमवारपर्यंतच आहे, भरून टाका.

यादोरावले मंग गावचा दस्तूर आठवला. पटात कोनाचा बैल लंगडला तं घरटी एक पायली धान त्याच्या दारात पडे. त्यानं सभा भरवली. "माह्या गाडीनंच काय पाप केलं?" चौऱ्याऐंशी घरांनी माना हालवल्या. सुखवंताबाईनं चाबी सोडली. रस्त्याचा विमा भरा म्हनली, तं यादोराव म्हने, "एका बैलाले दोन कासरे कायले?"

दुसऱ्या दिवसापासून माह्या जिवाले घोर. चौऱ्याऐंशी कंपन्या अंगनात! मनिराम टायरले लाथ मारून म्हने, "हे तं टकलं आहे, माही पायली बुडते." धुरपता आजीनं बोनट उघडवलं अन् इचारलं, "हिचे दात कुठी आहेत?" जो तो मले थोपटे, चाचपे अन् मान हालवत घरी जाये.

पटाचा दिवस रविवार. बाजूले शेजारच्या गावच्या टेकचंदची जीप. झेंडी पडली. यादोरावनं रेस दाबली, मी उसळली.

अन् दोन्हीकून सारं गाव वरडलं, "हळू! हळू!"

बैलांच्या पटात हेच लोक "हान! हान!" करत. आता मनिराम संगं संगं धावून राहिला, "भाऊ, खड्डा! ब्रेक मार, ब्रेक!" दुसऱ्या गेरात गेली नाही तं धुरपता आजी काठी आडवी धरून दाणीवर उभी. "माही पायली आहे त्याच्यात!"

टेकचंद पोचून चहा पिऊन राहिला होता, तवा मी आजीच्या मागं मागं पोचली. लोकांनी माहे दिवे मोजले, दोन्ही साबूत. मंग असा गुलाल उडवला का जिंकलेला टेकचंद पाहातच राहिला.

यादोरावनं दुपट्ट्यानं गुलाल झाडला अन् मले सीधी घरी आनली.

बुधवारी सकाळी डब्बे भरले. सुखवंताबाई गंज घेऊन बसली. गल्ली सरली, पुढं रस्ता मोकळा. यादोरावनं दात खाऊन रेस दाबली. दुसरा गेर. तिसरा. अन् मंग, माय वो, चौथा! मी कशी पळली म्हनून सांगू! पन्नास पावलं पळली असन. मंग बोरिंगचा, हातपंपाचा ओटा आला.

बंपर लोंबला. दाळ यादोरावच्या डोक्यावर. सुखवंताबाईनं पहिले डब्बे पाहिले, मंग नवरा पाहिला. घरी जाऊन दाळ पुन्हा टाकली अन् डब्बे हिरालालच्या ट्रॅक्टरवर नेले. मजूर दुपारी तीन वाजता जेवले. दहा जनांनी डब्बा बंद केला.

यादोराव पायली मांगाले गेला. मनिराम दाढी खाजवत म्हने, "भाऊ, हे पटात नाही लागलं. हे रस्त्यावरचं आहे. आपला विमा पटाचा." पहा जी, आठ दिवसांत सारं गाव कंपनीसारखं बोलाले शिकलं! चैतरामले फोन लावला. तो म्हने, "काकाजी, रस्त्याचा तं सोमवारीच संपला."

सुखवंताबाईनं खुटीवरचा पटाच्या बैलांचा कासरा काढला अन् माहा बंपर बांधला. चाबी पदराले बांधली. महिनाभर तिरोड्याले जाऊन गाडी शिकली. रस्त्याचा विमा भरला. दहाचे दहा डब्बे परत आनले. आता चालवते ती, अन् गंज मांडीवर धरते यादोराव.

कासरा अजून आहे माह्या गळ्यात. एक आरसा नाही, हारन सर्दी झाल्यावानी वाजते. पन मले भंगारात नोका देऊ जी. काऊन, ते सांगते, पन कोनाले बोलू नोका.

डब्बे पोचवून आमी रिकामे परत येतो, तवा रस्त्यात दाण लागते. कधी कधी सुखवंताबाई तिथं थांबते. इकडं पाहाते, तिकडं पाहाते. धुरपता आजी नाही, मनिराम नाही. "अजी, गंज घट्ट धरा," म्हनते.

अन् चौथा गेर टाकते.