पोटातले पाहुणे

"मी नाही जेवले तरी चालेल रे, पण पोटातल्या पाहुण्यांना उपाशी कसं ठेवू?" असं म्हणत ताईने अळंबीच्या सूपची वाटी तोंडाला लावली, आणि धाकटा भाऊ सुखावला.

आईच्या मागे ताईनेच त्याला वाढवलं होतं. घरामागच्या ओलसर खोलीत तो पेंढ्याच्या पिशव्यांवर अळंब्या पिकवायचा. गल्ली त्याला 'छत्रीवाला' म्हणायची. प्रयोगशाळेतल्या एक बाई त्याच्याकडून माल नेत. त्यांनीच सांगितलं होतं, "यातले काही तंतू आपल्याला पचत नाहीत, पण आतड्यातले चांगले जंतू त्यांवरच जगतात. आम्ही याची पूड बिस्किटांत घालून बघतोय." ताईचं पोट कित्येक महिने बिघडलेलं. छत्रीवाल्याने ते बोलणं मनात पक्कं धरलं आणि रोज सूप करू लागला.

"बरं वाटतं का गं?"

"वाटतं की!"

पण ताईचे कपडे खांद्यावरून ओघळू लागले. एका सकाळी ती न्हाणीघरात भिंतीला धरून बसलेली दिसली, तसा तो बाईंकडे धावला.

"सूप दोनदा देऊ का, बाई?"

बाईंचा चेहरा उतरला. "अहो, हे अन्न आहे, औषध नव्हे. डॉक्टरांना दाखवा. आजच."

गाठ आतड्यात होती, आणि पसरली होती.

"दुखत होतं तर बोलली का नाहीस?" दवाखान्यातल्या खाटेशी तो जवळजवळ ओरडलाच.

"तू किती हौसेने करायचास! तुझा हिरमोड कशाला?" ताई म्हणाली. "आणि खरं सांगू? डॉक्टरांची भीती वाटायची रे. तुझ्या सूपचं निमित्त बरं होतं."

तो तिचे पाय चेपत राहिला.

ताई गेली. नातेवाईक पांगल्यावर त्याने मागच्या खोलीचं दार उघडलं. वेळेवर न तोडलेल्या अळंब्या फुलून, कडा फाटून पिवळ्या पडल्या होत्या. त्याने टोपली ओढली, तशा भेटायला आलेल्या बाई दारातच थबकल्या.

"आज राहू द्या ना."

"तुमच्या कामाच्या नाहीत आता या," तो म्हणाला. "टाकायच्याच आहेत."

बाईंनी चपला काढल्या आणि त्या दुसऱ्या टोकाच्या पिशवीपाशी गेल्या. त्याही अळंब्या तोडू लागल्या. टाकायचाच तो घोस, पण छत्रीवाला प्रत्येक घोस हलक्या हाताने पीळ देऊन काढत होता आणि दुमडू नये म्हणून टोपलीत उताणा ठेवत होता.