बँकेत जायचा कोट

मित्रांनो, म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या एका घरात लोखंडी कपाट आहे. त्या कपाटात आता एकच कपडा टांगलेला आहे. तो मी. काळा, लोकरी, तीन बटणांचा कोट.

मला अंबाजीरावांनी शिवले. ते मोहल्ल्यातले शिंपी. माझे कापड खरे तर एका वकिलाचे होते. त्याने माप दिले, कापड ठेवले आणि तो पुन्हा आलाच नाही. अंबाजीरावांनी त्याची कित्येक वर्षे वाट पाहिली. शेवटी त्यांच्या बायकोने विचारले, "आधी वकील येईल की कसर लागेल?" तेव्हा कुठे त्यांनी मला स्वतःच्या मापाने कापले. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा उतरता होता. गिऱ्हाइकाचा तसा असता, तर त्यांनी आतून पॅड घालून झाकला असता. मला मात्र त्यांनी तसाच उतरता ठेवला. "आमच्या घरातला खांदा आहे हा, लपवायचा कशाला?" असे ते म्हणाले.

म्हैसुरात थंडी ती किती पडते! म्हणून मी रोजचा कोट नव्हतो. मी बँकेत जायचा कोट होतो. त्या काळी खाते उघडायचे, तर बँकेच्या एखाद्या जुन्या खातेदाराला सोबत न्यावे लागे. त्याने साहेबांसमोर 'या माणसाला मी ओळखतो' असे सांगून सही करायची. मोहल्ल्यातले काजे करणारे, उदबत्त्या वळणाऱ्या बाया, नवे दुकानदार, सगळे अंबाजीरावांकडे येत. अंबाजीरावांचा एक नियम होता. ज्याचे माप आपण घेतले आहे, त्यालाच आपण ओळखतो म्हणायचे. घेतले नसेल तर ते माझ्या उजव्या खिशातून टेप काढून तिथल्या तिथे घेत. बायांचे माप त्यांची बायको घेई. "हं, झाली ओळख. चला." मग ते मला अंगात चढवीत, चिमूटभर तपकीर ओढत आणि निघत. बँकेचा शिपाई स्टुलावरून उठून म्हणे, "कोट आला, नवं खातं आलं!" मला केवढा अभिमान वाटे. समोरच्या दोरेबटणांच्या दुकानाचे मालक संताजीराव यांचेही खाते असेच उघडले. त्या कागदावर माझी बाही टेकली होती.

अंबाजीरावांना एकच मुलगी, तुंगा. ती शिकली, कॅनडाला गेली आणि पुढे तिथलीच नागरिक झाली. ती जाताना त्यांनी तिच्यासाठी जाडजूड कोट शिवला. माप घेताना ते हसले. "बघ, तुझाही उजवा उतरता." तिच्याही कोटात त्यांनी पॅड घातले नाही.

त्यानंतरची वर्षे उतरणीची. बायको गेली. बाजारात तयार कपडे आले, गिऱ्हाईक तुटले. मग अंबाजीराव विसरू लागले. आधी सुई कुठे ठेवली ते, मग जेवलो की नाही ते, मग शेजाऱ्यांची नावे. शेजारची विधवा गोदाक्का त्यांच्याकडेच राहू लागली. ती त्यांना भरवी, आंघोळ घाली, दटावी. "सुम्ने, गप्प बसा हो मामा, नाहीतर कातर लपवीन!" आणि ते मुकाट्याने बसत. दुसऱ्या कुणाचे ते ऐकत नसत.

१९९६ साली तुंगा आली. घाईघाईने, टुरिस्ट व्हिसावर. ज्या घरात ती रांगली, तिथे ती आता परदेशी पाहुणी होती. व्हिसा संपला की तिला जाणे भाग होते. जाण्यापूर्वी तिला एकच गोष्ट पक्की करायची होती. तिचे अप्पा याच घरात, गोदाक्काच्या देखरेखीखाली राहावेत. त्यासाठी कॅनडातून दर महिन्याला पैसे यायला हवेत, आणि ते जमा व्हायला इथे खाते हवे. अप्पांचे खाते होते, पण त्यांची सही रोज वेगळी होत होती आणि बँक ती परत पाठवू लागली होती. गोदाक्काला खाते नको होते. "माझ्या नावावर? अय्यो! माझा मुलगा त्या पैशांवर दारूवाल्याचं घर बांधील."

म्हणून तुंगाने स्वतःच्या नावाने खाते मागितले. सह्या केलेले चेक ती गोदाक्काकडे ठेवून जाणार होती. मॅनेजर नरसिंहमूर्ती भले गृहस्थ होते. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाचे खाते त्यांच्या शाखेत कधी उघडले नव्हते. त्यांनी वरच्या ऑफिसला विचारले. उत्तर आले, उघडता येईल, पण ओळखणारा जुना खातेदार हवा.

तुंगा हसत घरी आली. लष्कर मोहल्ल्यात तिला ओळखणारा मिळणार नाही? तिचा निरोप गेला आणि संध्याकाळी संताजीराव आले. मी दाराजवळच्या खुंटीवर होतो.

"तुला ओळखत नाही असं कसं होईल ग? लहानपणी माझी बटणं चोरायचीस, अल्वा, नाही का? पण पासपोर्ट परदेशी. उद्या पोलिसांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"सांगा की, बटणं चोरायची म्हणून."

"थट्टा नको, मगा. पोरी, माझं दुकान आहे, लग्नाच्या मुली आहेत."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि लगेच चप्पल शोधू लागले. बाकीच्यांचेही तसेच. कुणाला गावाला जायचे होते, कुणाचा सहीचा हात दुखत होता. सगळ्यांची मापे माझ्या खिशातल्या टेपने घेतलेली होती.

"अप्पाच सही करतील," तुंगा म्हणाली.

"नको ग," गोदाक्का म्हणाली. "त्यांना तिथे नेऊ नकोस."

"साऱ्या मोहल्ल्याला ओळखतो म्हणाले. मला नाही म्हणणार?"

त्या सकाळी अंबाजीराव खुशीत होते. मला घालताना त्यांनी दोन्ही हात आपणहून बाह्यांत घातले. "कुणाचं खातं?" त्यांनी विचारले. "माझं," तुंगा म्हणाली. "बरं, बरं," ते म्हणाले.

बँकेत शिपाई नवा होता. तो उठला नाही. नरसिंहमूर्तींनी खुर्ची दिली आणि तुंगाकडे बोट करून हळूच विचारले, "अंबाजीराव, इवरु गोत्ता? या कोण, ओळखता ना?"

अंबाजीरावांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले.

"गोत्तिल्ला, सार," ते म्हणाले. "ओळखत नाही. माप घेतलेलं नाही."

त्यांचा हात माझ्या उजव्या खिशात गेला. टेप बाहेर आली. तुंगा उठली आणि पाठमोरी उभी राहिली. कारकुनांची कामे थांबली. कुणीतरी हसले, मग तेही थांबले. अंबाजीरावांनी एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत टेप धरली. मग टेप सोडून त्यांनी तिच्या उजव्या खांद्यावर तळवा ठेवला. हात तिथेच राहिला.

"हा खांदा आमच्या घरातला," ते म्हणाले. "हे माप माझ्या तुंगाचं आहे."

"अप्पा, मीच तुंगा."

"नाही हो, बाई. तुंगा कॅनडाला असते. ती आली की मीच तिला घेऊन येतो, सार. तिच्यासाठी सही करतो. अनोळखी माणसासाठी मी कधी केली नाही."

त्यांनी टेप नीट गुंडाळून खिशात ठेवली.

नरसिंहमूर्तींनी चष्मा काढला. "अम्मा, आता मी हे डोळ्यांनी पाहिलं," ते म्हणाले. "तुमचं खातं तर राहिलंच. पण यांचं खातंसुद्धा आता यांच्या सहीवर चालू ठेवता येणार नाही. कोर्टाचा कागद लागेल."

"किती दिवस लागतील?"

"महिने लागतील. तुम्ही यांना इथे आणायला नको होतं, अम्मा."

व्हिसा तेवढा थांबणार नव्हता. हेब्बाळच्या पुढे म्हाताऱ्यांसाठी एक संस्था होती. जे पैसे गोदाक्काच्या हाती पोचवता येत नव्हते, ते संस्थेला पाठवता येत होते, कारण संस्थेचे खाते होते. एवढ्या एका कारणाने अंबाजीराव घरातून निघाले. त्यांनी मला घातले होते. रिक्षात बसताना त्यांनी विचारले, "कुणाचं खातं?"

संस्थेने मला त्याच दिवशी परत पाठवले. तिथे कोटाचे काय काम, म्हणाले. गोदाक्काने मला कपाटात टांगले, डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि कुलूप लावले. तिथे त्यांना कोण दटावत होते, ते ऐकत होते की नाही, मला माहीत नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले एवढेच कळले.

तुंगा पोचली तेव्हा सारे उरकले होते. गोदाक्काने कुलूप उघडले. तुंगाने माझ्या खिशातली टेप काढली, पाहिली आणि परत ठेवली. मग तिने मला अंगात घातले. बाह्या तिच्या बोटांवर आल्या. खांदा मात्र जिथे बसायचा तिथेच बसला.

"पाठीमागून मामाच दिसतेस ग," गोदाक्का म्हणाली आणि आत निघून गेली.

मित्रांनो, कोटाला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, असे मी सांगायला हवे. ते तुम्हाला ठाऊकच असेल. मला दुसरे सांगायचे आहे. तुमच्या घरातल्या कुणासाठी कधीतरी कुणी साहेबासमोर उभे राहून 'याला मी ओळखतो' म्हटले असेल. त्या ओळख देणाऱ्याच्या मुलांनी तुम्हाला तेवढेच मागितले, तर चप्पल शोधू नका.

आणि मला इतक्यात धुलाईला देऊ नका. माझ्या कॉलरला अजून तपकिरीचा वास आहे. तो आपोआप जाईल.