दुसरी चूल

विजेचे मनोरे टेकडीवरून सरळ रेषेत उतरत होते आणि ती रेषा बरोबर या घराच्या छपरावरून जाणार होती. तारांखाली घर ठेवता येत नाही, म्हणून भिंतीवर लाल फुली पडली आणि कालव्यापलीकडे बदली घर मिळेल असा निरोप आला. घरात दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि एक चूल.

“चुली मोजतात म्हणे,” धाकटा भाऊ दुकानातून बातमी घेऊन आला. “चूल एक तर घर एक. चुली दोन तर घरं दोन.”

“मग घाल की दुसरी,” थोरला म्हणाला.

मागच्या कोठीतली पोती हलवून धाकट्याने विटांची चूल रचली. ती जुनी वाटावी म्हणून थोरल्या जावेने तिला काजळी फासली.

“नाटक आहे हं हे,” ती धाकटीला म्हणाली. “लगेच राणी होऊ नकोस.”

धाकटी हसली. लग्न होऊन आल्यापासून ती थोरलीच्या हाताखाली रांधत आली होती. थोरली मायाळू होती, फक्त तिखट घालताना तिला दयामाया नसे. कोठीत धाकटी पहिल्यांदाच स्वतःच्या अंदाजाने तिखट घालू लागली. चुलीचं तोंड तिने झरोक्याकडे वळवून घेतलं, तेव्हा धूर सरळ बाहेर जाऊ लागला. पळी तिने डावीकडे टांगली, कारण ती डावखुरी होती. थोरलीच्या चुलीपाशी सगळं उजवीकडे होतं.

हे नाटक संपूच नये, असं तिला वाटू लागलं. पण बोलायचं कसं? वेगळी चूल मागणारी जाऊ म्हणजे घर फोडणारी.

मोजणीच्या बाई आल्या. त्यांनी टेप धरून भिंती मोजल्या, परसातली झाडं मोजली, विहिरीत डोकावून पाहिलं. मग कोठीच्या दारात उभ्या राहिल्या. धाकटी चुलीपुढे बसली होती.

“तुमचं सगळं वेगळं?” बाईंनी विचारलं.

“एकदम वेगळं,” धाकटा म्हणाला. “सुईसुद्धा इकडची तिकडे होत नाही.”

तेवढ्यात पुढच्या स्वयंपाकघरातून हाक आली, “अगं ए, मिठाचा डबा कुठे नेऊन ठेवलास? भाजी अळणी राहिली माझी!”

“आणते, जाऊबाई!” म्हणत धाकटी सवयीने उठली आणि डबा घेऊन थेट बाईंच्या समोर आली. तिथे तिचे पाय थबकले.

थोरला खोकला. धाकटा म्हणाला, “शेजारधर्म.”

“अख्ख्या शेजारात डबा एकच वाटतं?” बाईंना हसू आवरेना. “अहो, चुली कोण मोजतंय? लग्न झालेलं प्रत्येक जोडपं वेगळं धरतात. दोन लहान घरं घ्या, नाहीतर तेवढ्याच जागेत एक मोठं. झाडांची भरपाई निराळी. काय लिहू?”

थोरल्याचा जीव भांड्यात पडला. “मग एकच मोठं लिहा. उगाच वेगळं कशाला राहायचं?”

धाकट्यानेही मान डोलावली. बाईंनी पेन टेकवलं.

“दोन लिहा,” धाकटी म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

“अगं, काय बोलतेस तू?” नवरा दबक्या आवाजात म्हणाला.

“मला माझी चूल हवी आहे. भांडण नाही, काही नाही. मला पळी डावीकडे हवी.”

थोरली हात पुसत मागे येऊन उभी राहिली होती. धाकटीला तिच्याकडे बघायचा धीर होईना.

“दोनच लिहा, बाई,” थोरली म्हणाली. “हिच्यापायी इतकी वर्षं हात आखडून तिखट घालतेय मी. मलाही जीभ आहे.”

धाकटी गर्रकन वळली. “ते हात आखडून होतं?”

“मग काय! तू हुं की चूं करत नव्हतीस, म्हणून मीही गप्प.” थोरलीने तिच्या हातातला डबा काढून घेतला. “आणि मधल्या भिंतीत एक खिडकी लिहा.”

“नकाशात खिडकी नाही हो.”

“मग काढा.”

पुढे गवंड्यानेही नकाशाच दाखवला. थोरली त्याच्या विटांच्या ढिगावर जाऊन बसली आणि खिडकी होईपर्यंत उठली नाही.

नव्या घरातल्या पहिल्या संध्याकाळी त्या खिडकीतून एक वाटी आली. धाकटीने एक घास खाल्ला, डोळे पुसले आणि ती तांब्याभर पाणी प्यायली. मग वाटी धुऊन तिने तिच्यात आपली भाजी भरली, शेजारी मिठाचा डबा ठेवला आणि दोन्ही पलीकडे सरकवलं.