तुळस लावलेला नॉझल

मल्लेश्वरमच्या आमच्या घरी अंगणातली तुळस रॉकेटच्या नॉझलमध्ये लावलेली होती. नॉझल म्हणजे रॉकेटच्या बुडाशी असतो तो भाग, ज्यातून जाळ बाहेर पडतो. उलटा ठेवला की वर पसरट तोंड, खाली अरुंद गळा, त्यामुळे पाणी निथळायला भोक आयतंच. आईनं त्याला गेरू फासला होता. कुंडी कुठून आणली असं कुणी विचारलं की मी सांगायची, सरकारी आहे.

तो नॉझल बाबांनी घडवला होता. विश्वासराव कदम, मूळ निपाणीचे, रॉकेट बनवणाऱ्या सरकारी संस्थेत अगदी पहिल्या फळीतले. चाचणीत नॉझल तडकला आणि चौकशीत ठपका बाबांवर आला. भंगारात निघालेला तो तुकडा त्यांनी रीतसर परवानगी काढून घरी आणला, कितीतरी दिवस त्या भेगेकडे बघत बसले आणि गळ्याची घडण बदलून दुसरा केला. तो टिकला. त्याच नमुन्यावर पुढे रॉकेट उडालं, तेव्हा पेढे सगळ्यांना मिळाले. बाबा तोंडाचे फटकळ. साहेबांशी वाजलं आणि राजीनामा देऊन घरी बसले. संस्थेचा गौरवग्रंथ निघाला, त्यात ते नव्हते. ते वारल्यापासून आईचा एकच धोशा होता, कुठंतरी ह्यांचं नाव लागायला पाहिजे.

शहाण्णव साली संस्थेनं जुन्या वस्तूंचं दालन काढायचं ठरवलं आणि अभिजीत आमच्याकडे आला. पुण्याचा, नुकताच नोकरीला लागलेला.

"काकू, अमेझिंग पीस आहे हा! गॅलरीत अगदी सेंटरला ठेवू."

"ने की," आई म्हणाली. "पण खाली ह्यांचं नाव लिही."

विचारून सांगतो म्हणून गेला, तो आठवड्यानं आला. चेहरा पडलेला.

"काकू, पॉलिसी आहे. सक्सेस टीमचं असतं, म्हणून नावं टाकत नाहीत. फेल्युअर असेल तरच रिपोर्टमधलं नाव टाकता येतं. म्हणजे असं, 'चाचणीत अयशस्वी. जबाबदार अभियंता, विश्वासराव कदम.' नको असेल तर नाव गाळतो."

माझं डोकं फिरलं. राबून राबून थकले ते बाबा, आणि पाटी लागणार ती ठपक्याची!

"आमची तुळस आहे तिथं बरी आहे," मी त्याला म्हणाले. "या तुम्ही."

आई मात्र विचारात पडली होती. "नाव पुरं लिहिणार काय? स्वल्प मोठ्या अक्षरात?"

"हो, काकू."

"आणि दुसरा, टिकलेला? तो कुठं ठेवणार?"

"शेजारीच."

"सरी, ने मग," म्हणत आई खुरपं आणायला आत गेली. तुळस तिनं डालड्याच्या डब्यात हलवली. मी तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

दालन उघडलं तेव्हा अभिजीतनं आम्हाला आवर्जून बोलावलं. काचेमागे सगळं लखलखीत मांडलेलं. आई प्रत्येक वस्तूपुढे थांबे आणि विचारी, "हे कुणी केलं?"

"टीमनं, काकू."

चारपाच वेळा हेच झालं. अभिजीत बिचारा ओशाळा होत गेला.

मग बाबांचा नॉझल आला. गेरू घासून काढला होता, भेग स्वच्छ दिसत होती. खाली कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत पाटी. आईनं कन्नड पाटी बोट फिरवत वाचली, 'अयशस्वी'सकट. अख्ख्या दालनात माणसाचं नाव तेवढं एकच होतं. मला रडू आलं, रागाचं की कशाचं ते सांगता येणार नाही.

शेजारी दुसरा नॉझल होता. तेच तोंड, तोच घाट, फक्त गळा निराळा. खाली नाव नाही. अभिजीत मान खाली घालून उभा राहिला, आता ती विचारणार म्हणून.

आईनं विचारलं नाही. पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाली, "असू दे बाळ. थोरल्याच्या बापाचं नाव लागलंय न्हवं? धाकटा कुणाचा ते तोंडावरनं कळतंय की."